शेजारची सीट

दुपारी चष्म्याचं दुकान बंद करून जेवायला निघालो, तर गाडीच्या माझ्याकडच्या रिमोटची बॅटरी संपलेली. रिमोटच्या आतली छोटी चावी काढून दार उघडलं आणि आत बसलो. गाडी सुरू करायचं बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली, 'चावी सापडत नाही.'

गाडी आईची. ती बुटकी, म्हणून तिचा रिमोट जवळ आला की चालकाची सीट आपोआप पुढे सरकायची, आरसा खाली झुकायचा. "स्टिअरिंग खातेस की काय?" मी चिडवायचो.

"एकदा शेजारी बस की रे," ती म्हणायची. "बघ तरी, मी कशी चालवते ते."

"बसेन गं, पुढच्या रविवारी." तो रविवार मी कधी येऊच दिला नाही.

ती गेली, तेव्हा तिचा रिमोट मीच तिच्या मुठीत ठेवला. तिच्याबरोबर तोही गेला.

आता पडद्यावरची अक्षरं बदलली. 'चावी सापडली.'

सीट हळूहळू पुढे सरकू लागली. माझे गुडघे स्टिअरिंगखाली दाबले गेले, तरी थांबेना. आरसा खाली झुकला.

मग शेजारच्या दाराचं कुलूप, फक्त त्याच दाराचं, टक्कन उघडलं.