नांगर

इन्सुलिन वाढवूनही दाऊदचाचांची साखर उतरत नव्हती. मांडवीत घरी येणाऱ्या नर्स महरीनने त्यांचं पोट चाचपलं, तर बेंबीशेजारी सुपारीएवढी गाठ!

“चाचा, रोज एकाच जागी टोचता? गाठीत टोचून औषध लागू पडत नाही. दर वेळी दोन बोटं बाजूला सरकायचं.”

“तिथं दुखत नाही गो! तीस वर्षं जहाजावर होतो, दर आठवड्याला नवं बंदर. आता कुठं एका जागी नांगर टाकलाय.”

“तीस वर्षं कंपनी सांगेल तिथं गेलात, मी इथंच वाट बघत बसले,” म्हणत चाचींनी त्यांच्या हातातलं इन्सुलिनचं पेन काढून घेतलं.


“उद्यापासून बंदर मी ठरवणार!”