मॅडमचा फोन

शिंप्याच्या कानाखालच्या लाळग्रंथीतली गाठ काढून तपासायला दिली, तेव्हाच लॅबमधल्या कारकुनाने त्याला सांगून ठेवलं होतं, "साधी निघाली तर आठवड्याने नुसता कागद मिळतो. वाईट असेल तरच डॉक्टर मॅडम स्वतः फोन करतात."

तिसऱ्याच दिवशी लॅबचा फोन वाजला. शिंप्याने तो उचलला नाही. नंतरचे पाचही नाही. चार दिवस सुईत दोरा जाईना, एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच लागल्या. शेवटी बायकोनेच वाजणारा फोन ओढून घेतला आणि कानाला लावला. पलीकडे मॅडमच होत्या.



"अहो, गाठ साधीच आहे! त्या दिवशी लॅबमध्ये तुमच्या मिस्टरांचा जीव नुसता टांगणीला लागलेला दिसला. म्हटलं, कागदाची वाट कशाला बघायला लावायची?"