मापाचं हेल्मेट

अपघातानंतर निपचित पडलेल्या पोहण्याच्या शिक्षिकेच्या मेंदूचा स्कॅन पुन्हा कोराच आला, तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले. “आत जाणीवच उरलेली नाही.” स्कॅन मशीन सांभाळणाऱ्या इंजिनियरबाई मात्र हटून बसल्या. मशीनमधलं, मेंदूचे संकेत टिपणाऱ्या अँटेनांचं हेल्मेट मोठ्या डोक्यांच्या मापाचं होतं. हिचं डोकं लहान, त्यामुळे क्षीण संकेत मधल्या फटीतच विरत असणार. त्यांनी केसांना चिकटून बसेल असं नवं हेल्मेट बनवलं. “टोपलं छान विणलंय,” डॉक्टर हसले. स्कॅन सुरू होताच शिक्षिकेच्या भावाने माइक ओढला. “ताई, मनातल्या मनात पोह.” पडद्यावरच्या मेंदूत ठिपका उजळला. “आता थांब.” ठिपका विझला. “योगायोग,” डॉक्टर पुटपुटले. “मग पुन्हा करू,” इंजिनियरबाई म्हणाल्या. पुन्हा तेच झालं. भाऊ माइकजवळ झुकला. “ताई, दुखतंय का गं? दुखत असेल तर पोह.” ठिपका उजळला, आणि भावाने ‘थांब’ म्हटल्यावरही विझेना.