नंदीचे दोन कान

एकतीस सालच्या शिवरात्रीला नागऱ्याच्या महादेवाला जायचा सगळा बेत धुरपतानेच आखला होता. कामठ्याहून पहाटेच बंडी जुंपायची, आणि गर्दी व्हायच्या आत नंदीच्या कानात आपलं मागणं सांगून मोकळं व्हायचं. तरी सवत रुख्मा बंडीत येऊन बसलीच.

"तू कायले आली व? घर कोन राखन?"

"देव का तुह्या एकटीचा हाये?"

नवऱ्याने बैल हाकले. वाटभर दोघी पाठ फिरवून बसल्या.

देवळात धुरपताने नंदीचा उजवा कान गाठला आणि दातओठ खात पुटपुटली, "देवा, इले माह्या घरातून काढ."

 

तेवढ्यात डाव्या कानाशी रुख्मा कुजबुजली, "देवा, मले या घरातून काढ."