यंदा एकही गेली नाही

नवा सीझन तोंडावर आला, तसं संस्थेचे अध्यक्ष अमरसिंह दादांनी मुलींच्या बास्केटबॉल कोच क्रांती मॅडमना ऑफिसात बोलावून घेतलं.

"तीन वर्षं झाली मॅडम. टीम पहिल्या राऊंडच्या फुडं सरकंना. प्रगती म्हणायची ती कुठं हाय?"

"दादा, पोरगी खेळात तयार झाली की मे महिन्यात तिचं लग्न. पहिल्या वर्षी पाच गेल्या, दुसऱ्या वर्षी चार. यंदा मी घरोघरी जाऊन आईबापांचे पाय धरलेत. एकही गेली नाही. हीच माझी प्रगती."

दादांनी मान हलवली. "बरं. हे एक वर्ष देतो. कप न्हाय आला तर राजीनामा टेबलावर पायजे."

मॅडम उठल्या. दादांनी ड्रॉवरमधून हळदकुंकू लावलेली पत्रिका काढून त्यांच्या हातात दिली.

"चातुर्मासाआधीचा शेवटचा मुहूर्त मिळाला. समदी टीम घेऊन यायचं."

मॅडमनी पत्रिका उघडली. वधू म्हणून त्यांच्या कॅप्टनचं नाव होतं.

"आमची प्रियदर्शनी," दादा म्हणाले. "चांगलं स्थळ आलं, सोडवंना. बाकीच्या पोरी मात्र टिकवा, मॅडम."