दोन फुटी कूलरची मागणी

“पानं किती झाली?” आनंदरावांनी विचारलं.

“चार, काका.”

“तीन कर. चौथं कोन वाचते?”

अदिती हसली. कमाल चौकातल्या त्यांच्या कूलरच्या दुकानाची वेबसाइट ती बनवत होती, आणि कूलरच्या जाळीतला वाळा विकणाऱ्या खसवाल्याशी करावी तशी घासाघीस आनंदराव पंधरा दिवस तिच्याशी करत होते. रंग जाड लाव म्हणाले. फोटो मोठा दे म्हणाले, कूलरचाही, आपलाही. फॉर्म भरल्यावर गिऱ्हाईकाला आपोआप जे ‘धन्यवाद’ जाणार, त्याखाली ‘आनंदराव’ ठळक अक्षरांत हवं म्हणाले. पैसे मात्र सगळे आगाऊ मोजले. हे त्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं. पण मे अर्धा उलटला होता, बाहेर पंचेचाळीस तापत होतं आणि दुकानात चाळीस कूलर तसेच उभे होते. हा हंगाम गेला की दुकान जाणार, एवढं कळायला त्यांना कागद-पेन्सिल लागत नव्हती.

जुनी साइट होती. त्यांच्या मुलानं, अश्विननं, कॉलेजात असताना फुकटात बनवलेली. मोबाइलवर तिची अक्षरं कापली जायची. फोटो उघडेपर्यंत बघणारा दुसऱ्या दुकानात पोचलेला असायचा. मागच्या जुलैत मौद्याच्या रस्त्यावर अपघातात अश्विन गेला. साइट राहिली. ती बदलायचं नाव काढलं की प्रेमिलाबाई नवऱ्याला म्हणायच्या, “चालू आहे ना? मंग काहून छेडता तिले?”

“काका, नवी चालू करायच्या आधी हे बघा,” अदिती म्हणाली. “अश्विनदादाचा मेल उघडला. जुन्या फॉर्मवरच्या चौकशा सगळ्या तिथं जाऊन पडत होत्या. तीनशे सात आहेत.”

आनंदराव स्टुलावरून उठले. “तीनशे सात गिऱ्हाईक? अन् मी इथं माश्या मारून राहिलो?”

“गिऱ्हाईकं एकोणीस.”

“मंग बाकीचे कोन?”

अदितीनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

बाकीच्या दोनशे अठ्ठ्याऐंशी चौकशांत नावाच्या रकान्यात एकच नाव होतं. प्रेमिला. साइज निवडल्याशिवाय फॉर्म पुढे सरकू देत नसे, म्हणून प्रत्येक वेळी ‘दोन फुटी’ निवडलेलं. हिशेबानं बघितलं तर बाईंनी ऑगस्टपासून रोज एक कूलर मागवला होता. एका दिवसाचा खाडा नाही. वेळ दुपारी एकच्या पुढे दहा मिनिटं. अश्विन दुकानातून घरी जेवायला जायचा, ती.

त्याखाली निरोप.

‘आज आलूवांगं केलं. रस्सा जास्त ठेवला.’

‘तुया बाबाले बीपीची गोळी लागली. ते मले सांगत नाहीत, मी पाकीट पाहिलं.’

‘तुयी गाडी विकली आज. एक चाबी मी ठेवून घेतली.’

आणि कालचा: ‘नवीन साइट बनवून राहिले रे. मले नाही म्हनता नाही आलं.’

आनंदरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. अक्षरं तीच होती.

“पन ती काहून लिहिते असं?”

अदितीनं फॉर्ममध्ये स्वतःचं नाव घातलं, साइज निवडली आणि पाठवून दाखवलं. क्षणभरानं पडद्यावर उमटलं: ‘धन्यवाद. तुमचा निरोप मिळाला. लवकरच भेटू. — अश्विन.’

“हे आपोआप येतं, काका. कोणी काहीही लिहिलं तरी हेच येतं.”

“तिले माहीत असंल?”

“असेलच.”

आनंदरावांनी मान वर करून पाहिलं. घड्याळात एकला दहा मिनिटं कमी होती.

“उद्या चालू करू का नवी?” अदितीनं विचारलं. “आजचा दिवस जाऊ द्यायचा तर...”

त्यांनी ओळीनं उभ्या कूलरांकडे पाहिलं. एकेकावर धूळ होती.

“नाही. आजच कर. फकत ते आपोआपचं उत्तर काढ. माहं नाव पन काढ.”

“अहो, मग समोरच्याला कळणार कसं? आता निरोप सरळ तुमच्या मोबाइलवर येईल. तासाभरात उत्तर गेलं नाही तर माणूस परत येत नाही.”

“मी देईन ना.”

अदितीनं बटण दाबलं. साइट झरकन उघडली. एकही अक्षर कापलं गेलं नव्हतं. आनंदरावांचा हसरा फोटो, त्यांनीच सांगितलेला, जरा जास्तच मोठा आला होता. त्यांनी तो बघितलाही नाही. मोबाइल काउंटरवर उताणा ठेवून ते त्याच्याकडे बघत बसले.

एक वाजून बारा मिनिटांनी तो वाजला.

नाव: प्रेमिला. साइज: दोन फुटी. निरोप: ‘जेवला का?’

काउंटरखालचा न उघडलेला डबा आनंदरावांनी काढला. अदितीनं लॅपटॉप पिशवीत टाकला. दोघं बाहेर आली आणि आनंदरावांनी शटर ओढलं. भर मे महिन्यात, भर दुपारी. शटर अर्ध्यावर असताना स्कूटरवरून एक जोडपं उतरलं. बाईनं ओढणी तोंडावरून सोडली.

“काका, बंद करून राहिले? आम्हाले कूलर पाहाचा होता.”

“घंटाभरानं या,” कुलूप लावत आनंदराव म्हणाले. “एका गिऱ्हाईकाले घरी जाऊन उत्तर द्याचं आहे.”