सप्लांटचा अर्थ

“सप्लांट म्हणजे काय, सांगा कुणीतरी,” मानसिंग सरांनी भर आखाड्यात माईकवर विचारलं. मातीत दोन पैलवान भिडले होते आणि सांगवीची सगळी जत्रा त्यांच्याकडं बघत होती.

सर इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. जत्रेतल्या कुस्त्यांचं समालोचन वर्षानुवर्षं त्यांच्याकडं. त्यांच्या आवाजाशिवाय कुस्ती रंगत नाही, असं सगळ्या गावाचं मत होतं. निदान सर तसं सांगत. पण सकाळी पंच रावजी तात्या म्हणाले, “सर, औंदा शेवटच्या कुस्त्या प्रगती बोलंल. तुमी निवांत बसा.” प्रगती इंदापूरची पैलवान, सरांचीच विद्यार्थिनी. सरांना ते फार लागलं. तिला चार लोकांत टोमणा मारायचा, तोही आपणच शिकवलेल्या इंग्रजीत, असं त्यांनी जेवता जेवता ठरवलं.

“सप्लांट म्हणजे एखाद्याला हटवून त्याची जागा घेणं,” सर सांगू लागले. “मूळ शब्द लॅटिन. प्लांटा म्हणजे तळपाय. दुसऱ्याच्या पायाखाली पाय घालून त्याला पाडायचं. आपण टांग म्हणतो, तीच. आखाड्यात ती समोरून मारतात. काहीजण मात्र...”

शेजारी उभ्या प्रगतीनं त्यांची बाही ओढली. टोमणा बरोबर बसलाय, असं समजून सरांनी तिला हातानंच थांबवलं. तेवढ्यात मैदान उसळलं. शिट्ट्या वाजल्या, हलगी कडाडली, फेटे हवेत उडाले. सर गहिवरले. इंग्रजीच्या तासाला असं कधी झालं नव्हतं. त्यांनी चारी दिशांना हात जोडले.

“सर,” प्रगती हळूच म्हणाली, “कुस्ती झाली.”

“कोण जिंकलं?” सरांनी विचारलं. माईक चालूच होता.

प्रश्न मैदानभर घुमला. सरांचे कान तापले. तोच प्रगती माईकजवळ वाकली. “ऐकलं का मंडळी? सर विचारत्यात, कोण जिंकलं? सांगा की मोठ्यानं.” अख्ख्या मैदानानं विजेत्याचं नाव गर्जून सांगितलं. सरांची फजिती कुणाच्या ध्यानातही आली नाही.

सरांनी माईक तिच्या हातात दिला आणि ते खाली लोकांत जाऊन बसले. शेवटची कुस्ती लागली. प्रगतीनं दोघांची नावं-गावं सांगितली, आणि पकड बसली तशी ती गप्प झाली. सर चुळबुळले. इथं त्यांनी निदान एखादं सुभाषित तरी टाकलं असतं. मग त्या शांततेत त्यांना पैलवानांचे श्वास ऐकू आले. इतक्या वर्षांत त्यांनी ते कुणालाच ऐकू दिले नव्हते.